खगोलभौतिकीच्या संगणकावर आपली पोरे कधी बसणार?

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा. त्या दिवशी आमच्या बीड जिल्ह्यातल्या नारायणगडावर मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी मोठा मेळावा झाला. धाकटी पंढरी म्हणून ओळखला जाणारा हा गड त्या दिवसापासून राज्यभरच्या बातम्यांत आला. त्याच दिवशी आपली माणसे अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर होती. त्या मागणीविषयी आमचे म्हणणे आम्ही इतरत्र मांडू, आज तो विषय नाही. आजचा विषय असा, की जिल्ह्यात चहाच्या टपरीपासून गडापर्यंत वर्षानुवर्षे आरक्षणाचीच चर्चा चालते, आणि तरीही देशातल्या ज्या शिक्षणसंस्थांना कायद्यानेच आरक्षणातून सूट दिलेली आहे त्यांची नावे कोणाच्याही तोंडी येत नाहीत. ना मेळाव्यात, ना मोर्च्यात, ना आपल्या १४ एप्रिलच्या भाषणांत.

केंद्रीय शैक्षणिक संस्था (प्रवेशातील आरक्षण) कायदा, २००६. याच्या कलम ३ ने केंद्रीय संस्थांमधल्या प्रवेशात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि ओबीसींना आरक्षण दिले. लगेच पुढच्या कलम ४ मध्ये लिहिले, की अनुसूचीत नावे दिलेल्या 'उत्कृष्टता संस्था, संशोधन संस्था, राष्ट्रीय व सामरिक महत्त्वाच्या संस्था' यांना कलम ३ लागू होणार नाही. त्या अनुसूचीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हणजे टीआयएफआर आहे. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आहे. होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिच्या घटक संस्था आहेत. म्हणजे तारे, दीर्घिका, सूर्य, प्लाझ्मा यांवर या देशात जिथे महत्त्वाचे काम होते, त्यातल्या बऱ्याच संस्था एका फटक्यात बाहेर. (नोकरीतले आरक्षण हा वेगळा विषय आहे, त्याची गल्लत करू नका. इथे आपण विद्यार्थ्यांच्या प्रवेशाबद्दल बोलतो आहोत.)

आता कोणी विचारेल, ऊसतोडीच्या जिल्ह्यात बसून ताऱ्यांची चर्चा कशाला? दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, पोरे शाळेतून उठून आईबापामागे कारखान्याच्या फडात जातात, आणि तुम्ही खगोलभौतिकी सांगता? हा प्रश्न आपल्याच माणसांनी विचारला तर त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. पण आधी खगोलभौतिकी आज नेमकी कशी चालते ते समजून घेऊ. कारण आपल्या डोक्यात अजून डोंगरावरच्या दुर्बिणीला डोळा लावून बसलेला गोरा म्हातारा आहे.

तो म्हातारा आता नाही. आजचा खगोलशास्त्रज्ञ संगणकासमोर बसतो आणि आकड्यांच्या फायली उघडतो. नारायणगाव, म्हणजे आमचा नारायणगड नव्हे, एका शब्दाचा फरक, पुणे जिल्ह्यातले जुन्नर तालुक्यातले नारायणगाव, त्याच्याजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. ती फोटो काढत नाही. तबकड्यांच्या जोड्यांमधून आकडे येतात. त्यातला मोबाइलचा, विजेच्या तारांचा, विमानांचा गोंगाट वेगळा काढायचा, प्रत्येक तबकडीची चूक दुरुस्त करायची, मग फूरिये रूपांतर करायचे, तेव्हा कुठे आकाशाचे चित्र तयार होते. हे सगळे काम संगणकावर. आणि महत्त्वाचे म्हणजे, ज्याने निरीक्षण घेतले त्याची राखीव मुदत संपली की हा डेटा कोणालाही मिळू शकतो. जीएमआरटीचे संग्रहालय इंटरनेटवर आहे. ॲस्ट्रोसॅट हा भारताचा उपग्रह सप्टेंबर २०१५ मध्ये गेला, त्याचाही डेटा खुला होतो. युरोपच्या गाया यानाने २०२२ साली सुमारे १८० कोटी ताऱ्यांची यादी जगापुढे ठेवली, फुकट.

१४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगोने पहिल्यांदा गुरुत्वीय लहर पकडली. दोन कृष्णविवरे, एक सूर्याच्या सुमारे ३६ पट, दुसरे २९ पट, एकमेकांत विलीन झाली, त्याची थरथर इथवर पोचली. त्या क्षणाभोवतीचा ३२ सेकंदांचा डेटा कोणीही उतरवून घेऊ शकतो. सेकंदाला ४०९६ नोंदी, म्हणजे एकूण १,३१,०७२ आकडे. मोबाइलमधल्या एखाद्या फोटोपेक्षाही ही फाइल लहान असू शकते. त्या आकड्यांकडे नुसते पाहिले तर सगळा गोंगाट दिसतो, लहर दिसत नाही. ती काढायला आधी गोंगाटाचा स्वभाव समजावा लागतो, मग अपेक्षित लहरीचा नमुना आकड्यांवरून सरकवत कुठे जुळतो ते पाहावे लागते. या पद्धतीच्या पायाभूत कामातला एक महत्त्वाचा भाग पुण्यात आयुकामध्ये झाला आहे. संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा या फिल्टरांवरचा शोधनिबंध १९९१ चा आहे, लहर सापडण्याच्या चोवीस वर्षे आधीचा. तेव्हा दुर्बीण तर नव्हतीच, डेटाही नव्हता. होते गणित आणि संगणक.

म्हणून आम्ही म्हणतो, एम.एस्सी.च्या पातळीवर वैज्ञानिक संगणन आणि डेटा-विश्लेषण शिकणे हा खगोलभौतिकीचा उंबरठा आहे. हा उंबरठा ओलांडला तर बीडच्या खोलीत बसलेल्या पोरीसमोर तोच डेटा आहे जो पासाडेनात बसलेल्या पोरासमोर आहे. नाही ओलांडला, तर डेटा खुला असूनही तिच्यासाठी तो बंदच. पूर्वी ग्रंथ ऐकायला बंदी होती. आता बंदी नाही, पण वाचायचे कसे ते शिकवलेलेच नाही.

आपल्याकडे ते कसे शिकवतात ते पाहा. मराठवाड्यातल्या अनेक महाविद्यालयांत एम.एस्सी. भौतिकशास्त्राला 'संगणकीय पद्धती' असा विषय असतो. पोरे वहीत प्रोग्राम उतरवून घेतात. हो, वहीत, पेनाने. बाहेरून परीक्षक येतो, जर्नलवर सही करतो. प्रयोगशाळेत संगणक असतात, त्यातले चालू किती ते विचारू नका, आणि वीज गेली की सगळेच बंद. आमच्या ओळखीच्या एका मुलीने, आईबाप ऊसतोडीला जाणारे, द्विघात समीकरणाची मुळे काढायचा प्रोग्राम तीन वेळा वहीत लिहिला आणि तिन्ही वेळा पैकीच्या पैकी गुण घेतले. तो यंत्रावर चालवून पाहिला एकदाही नाही. पुढे ती पायथन शिकली ती मोबाइलवर, ब्राउझरमध्ये गुगल कोलॅब उघडून, दोन बोटांनी. तिची शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर आली. लॅपटॉप घ्यायचा होता, ते पैसे उधारी फेडण्यात गेले. हे तिचे एकटीचे दुःख नाही. वसतिगृहात जाऊन कोणालाही विचारा.

चालवून पाहणे का महत्त्वाचे, त्याचे एक साधे उदाहरण देतो. सूर्याभोवती पृथ्वीची कक्षा संगणकावर काढायची. ऑयलरची पद्धत सगळ्यात सोपी: आत्ताचा वेग घ्या, छोटे पाऊल पुढे टाका, पुन्हा वेग काढा. कागदावर बिनचूक वाटते. चालवून पाहिले की दिसते, प्रत्येक फेरीला पृथ्वी थोडी थोडी बाहेर सरकते आहे. निसर्गात ती सरकत नाही, आपल्या हिशेबात सरकते, कारण दर पावलाची बारीक चूक एकाच बाजूला साचत जाते. मग 'लीपफ्रॉग' नावाची, म्हणजे बेडूकउडीची पद्धत वापरली, की जवळपास तेवढ्याच कष्टात कक्षा जागेवर राहते. ज्याने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले त्याला कळते की संगणकाने दिलेले उत्तर म्हणजे वेदवाक्य नाही. वहीत उतरवणाऱ्याला ते कधीच कळत नाही. त्याला पाठांतराचीच सवय लागते, आणि पाठांतरावर कोणाची हजारो वर्षांची मक्तेदारी आहे हे वेगळे सांगायला नको.

यात दुसरा मोठा भाग संख्याशास्त्राचा. गोंगाटातून खरे काय आणि योगायोग काय हे ठरवायचे कसे? सूर्याएवढ्या ताऱ्यासमोरून गुरूएवढा ग्रह गेला तर ताऱ्याचा प्रकाश जेमतेम एक टक्क्याने उतरतो. पृथ्वीएवढा गेला तर दहा हजारात एकाहूनही कमी. एवढीशी घट खरी की उपकरणाची, हे ठरवण्याची शिस्त म्हणजे डेटा-विश्लेषण.

ही शिस्त समाजात काय करू शकते, त्याचे महाराष्ट्रातलेच उदाहरण आहे आणि ते आपल्या प्रत्येक शिबिरात सांगितले पाहिजे. २००१ साली यूजीसीने विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचे ठरवले. शास्त्रज्ञ कोर्टात गेले, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. जयंत नारळीकरांनी मग वादविवाद केला नाही, चाचणी घेतली. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे त्यांच्यासोबत होते. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यातल्या ४० दिल्या आणि सांगितले, ओळखा कोणती कोणाची. नाणे उडवले तरी सरासरी २० बरोबर येतात. म्हणून अट ठेवली, निदान २८ बरोबर आले पाहिजेत, कारण तेवढे निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता शंभरात एकाच्या आतबाहेर. २७ ज्योतिष्यांनी उत्तरे पाठवली. सरासरी यश ४६ टक्के. नाण्यापेक्षा कमी! २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये हे छापून आले. २८ हा आकडा कुठून आला हे ज्याला समजले त्याला भविष्य सांगून कोणी फसवू शकत नाही. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घातल्या. आकड्यांची भीती कोणाला वाटते ते यातून समजा. आणि २०२१ मध्ये इग्नूने ज्योतिषाचे एम.ए. सुरू केले, हेही लक्षात असू द्या. ज्योतिषाच्या पदव्युत्तर पदवीला घरबसल्या प्रवेश, आणि खगोलभौतिकीला सूट मिळालेल्या संस्थांचे कुंपण.

आता गुणवत्तेबद्दल. सूट का दिली, तर म्हणे गुणवत्ता टिकावी. खगोलभौतिकीच्या कोणत्याही अभ्यासक्रमात 'साहा समीकरण' शिकवावेच लागते. ताऱ्याच्या वातावरणात कोणत्या तापमानाला किती अणूंचे आयनीभवन होते, ते त्यातून निघते. १९२० चे काम. त्याचाच आधार घेऊन सेसिलिया पेन या तरुण बाईने १९२५ मध्ये दाखवले की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. मेघनाद साहा ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किरकोळ दुकानदाराचा मुलगा, त्या काळी खालची मानल्या गेलेल्या जातीचा. कोलकात्याच्या ईडन हिंदू होस्टेलमध्ये वरच्या जातीच्या मुलांनी त्यांच्यासोबत एका पंगतीत जेवायला नकार दिला होता. ज्याच्या समीकरणावर तुमचा अख्खा विषय उभा आहे त्याला तुमच्या होस्टेलात ताट वेगळे होते, आणि तुम्ही आम्हाला गुणवत्ता शिकवता? 'नेचर' साप्ताहिकाने जानेवारी २०२३ मध्ये भारतीय विज्ञानसंस्थांतली जातीची आकडेवारी छापली, तीही बरीचशी माहितीच्या अधिकारात अर्ज करून मिळवावी लागली. ताऱ्यांचा डेटा खुला, स्वतःच्या वर्गातल्या जातींचा बंद.

रोहित वेमुलाची आठवण इथे टाळता येत नाही. त्याला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते, त्याच्या शेवटच्या पत्रात तारे आहेत. सात महिन्यांची फेलोशिप थकलेली होती. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला आणि ११ फेब्रुवारीला गुरुत्वीय लहरींची घोषणा झाली. त्या बातमीवर त्याने काय लिहिले असते?

परत आपल्या माणसांच्या प्रश्नाकडे येऊ. तारे मोजून पोट भरते का? आमचे उत्तर असे, की पोट भरण्याच्या हिशेबानेही हे शिक्षण एमपीएससीच्या अभ्यासिकेत सहा-सात वर्षे काढण्यापेक्षा वाईट नाही. एमपीएससी करणाऱ्या पोरांचा आम्हाला आदर आहे, पण दोनशे जागांसाठी लाखो पोरे, पेपरफुटी, कोर्टकज्जे, आणि तिशी उलटल्यावर गावाकडे परत, हे बीडने किती घरांत पाहिले! ज्या पोरीला आकड्यांतून गोंगाट वेगळा काढता येतो तिला संशोधनात जागा मिळाली नाही तरी हवामान, शेती, बँका, रुग्णालये, नकाशे, सगळीकडे काम आहे. मात्र शहरातल्या 'तीन महिन्यांत डेटा सायन्स' विकणाऱ्या दुकानांच्या नादी लागू नका. तिथे बटण कुठे दाबायचे ते सांगतात. रेषीय बीजगणित, संभाव्यता, विकलन समीकरणे यांना पर्याय नाही, आणि ते एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याकडे निम्मे आधीच असते.

आणि पोटापलीकडचेही एक कारण आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने येत्या जनगणनेत जातींची मोजणी करायचे ठरवले. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतले जातींचे आकडे आजवर लोकांसमोर आलेले नाहीत. उद्या नवे आकडे आले, तर ते तपासणार कोण? चूक कुठे साचली, कोणत्या तालुक्याची नोंद संशयास्पद, हे पाहायला आपल्याकडे किती माणसे आहेत? बाबासाहेबांचा १९१८ चा लहान शेतजमिनींवरचा निबंध वाचा, 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' वाचा. सरकारी तक्ते उलटेपालटे करून त्यांनी सरकारच्याच विद्वानांना निरुत्तर केले. चळवळीने त्यांचे कायद्याचे बोट धरले, आकड्यांचे सोडून दिले. वकील आपल्याकडे भरपूर झाले, संख्याशास्त्री कुठे आहेत?

मराठवाड्यासाठी तर हा प्रश्न दारात येऊन उभा आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींना मंजुरी मिळाली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, जमिनीची थरथर कमी म्हणून निवडलेली जागा. खोडदही असेच, रेडिओ गोंगाट कमी म्हणून निवडलेले. आमचा मागासपणा यंत्राला मानवतो, माणसांना आत घेताना मात्र तोच आडवा येतो. प्रकल्प उभारणाऱ्या चार मुख्य संस्थांपैकी दोन, इंदूरची आरआरकॅट आणि गांधीनगरची आयपीआर, वर सांगितलेल्या सूटवाल्या अनुसूचीत आहेत. औंढ्याचे देऊळ नामदेवांसाठी फिरले अशी आख्यायिका आहे. प्रकल्पाच्या गेटवर राखणदार, कँटीनला भाजी आणि बागेला पाणी एवढ्यावर मराठवाड्याची बोळवण झाली तर ती आख्यायिका सांगत बसण्यात काय अर्थ?

काय करता येईल? काही गोष्टी आजच करता येतात. आयुकाचा सुट्टीतला विद्यार्थी कार्यक्रम, एनसीआरएचे रेडिओ खगोलशास्त्राचे हिवाळी वर्ग, जीएमआरटीच्या डेटावर सर्वसामान्य विद्यार्थ्यांना काम करू देणारा 'रॅड ॲट होम' हा २०१३ पासूनचा उपक्रम, यांच्या जाहिराती आपल्या वसतिगृहांच्या फलकावर लागल्या पाहिजेत. बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत दोन जुने संगणक, त्यावर लिनक्स आणि पायथन, सगळे फुकटचे सॉफ्टवेअर, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ. एवढ्यात ती १,३१,०७२ आकड्यांची फाइल उघडता येते. मराठीत आकाशाची गोडी लावणारी पुस्तके आहेत, हात धरून काम शिकवणारी टिपणे फार थोडी. आपले जे चार-दोन जण पुण्या-मुंबईत, परदेशात या क्षेत्रात पोचलेत त्यांनी ती लिहावीत, हे त्यांचे समाजाचे देणे आहे.

बार्टीने स्पर्धा परीक्षांसारखेच जॅम, जेस्ट, गेट, नेटचे वर्ग भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला सुरू करावेत. फेलोशिप महिन्याच्या महिन्याला द्यावी. दोन्ही विद्यापीठांनी संगणकीय पद्धतीची वहीवरची परीक्षा बंद करून यंत्रावरची घ्यावी. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाचे नाव घ्यायची सोय नव्हती. नामांतरासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत आपली घरे जळाली, माणसे गेली. त्या नावाच्या विद्यापीठात पेनाने प्रोग्राम लिहिणे शोभत नाही.

राहिली अनुसूची. कलम ४ च्या परंतुकातच लिहिले आहे की केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून अनुसूचीत बदल करू शकते. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. टीआयएफआर, भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि होमी भाभा संस्थेच्या घटक संस्था त्यातून वगळा, आणि तोवर दरवर्षी किती अर्ज आले, किती मुलाखती झाल्या, किती प्रवेश दिले याची प्रवर्गनिहाय आकडेवारी जाहीर करा, एवढी दोन वाक्ये निवेदनात पुरेत. बीड आणि हिंगोलीच्या खासदारांना ते आधी द्या, मग बाकीच्यांना. सोबत अनुसूचीची छापील प्रत जोडायला विसरू नका, कारण 'अशी सूट आहे हेच माहीत नव्हते' हे उत्तर ठरलेले आहे. निवेदनाचा मसुदा ज्यांना हवा त्यांनी कळवा, पाठवतो.

जय भीम.